आडव्या खांबावरचा दिवा

धुळाजीच्या वस्तीवर वीज आली होती. फक्त ती उभी नव्हती, आडवी होती.

झालं असं. गेवराईच्या खालच्या अंगाला कॅनॉलची एक शाखा जाते आणि तिच्या पलीकडं मेंढरंवाल्यांची मूठभर घरं आहेत. एका निवडणुकीच्या आधी तिथवर लाईन ओढायचं ठरलं. ट्रॅक्टर आला, सिमेंटचा एक लांबलचक खांब काठावर उतरवला आणि "बाकीचे उद्या" म्हणून गेला. तो उद्या काही उजाडला नाही. गुलाल वाळला, खांब उन्हात तापत पडला, मेंढरं त्याला अंग घासायला लागली. शेवटी वस्तीच्या माणसांनी दोरखंड लावला आणि "हेऽऽय मार ज्योर!" करत तो ओढून कॅनॉलवर आडवा टाकला. झाला पूल. हापसा, किराणा, शाळा सगळं गावाच्या बाजूला. आधी लांबचा वळसा होता, आता चार ढांगांत पार.

अधूनमधून लाईनचा एखादा साहेब मोटारसायकलवर यायचा. "अरे, हा सरकारी खांब आहे! असा कसा वापरता तुम्ही?" आवाज नाकातून, आणि प्रत्येक शब्दाला इस्त्री. धुळाजी आधी हनुवटी खाजवायचा. त्याचं प्रत्येक वाक्य "तं" नं सुरू व्हायचं आणि त्या "तं" नंतर समोरच्यानं चहा पिऊन यावं एवढा वेळ जायचा.

"तं... सायेब, तुमी उबा करायला या, आमी आडवा काढून देतो."

साहेब किक मारायचे. आणि मागं ताराबाई हसायची, पत्र्यावर बोरं सांडावीत तशी. धुळाजीची ही बायको वस्तीवरचा सगळ्यात मोठा आवाज होती. धुळाजी दिवसभरात जेवढं बोलायचा तेवढं ती एका दमात बोलायची. संसाराची वाटणीच तशी झाली होती. गुडघा दुखावला तेव्हापासून धुळाजीनं कळपामागं लांब फिरणं सोडलं होतं. तो वाघरीच्या, म्हणजे रात्री मेंढरं कोंडायच्या, जाळ्या विणायचा, काटे काढायचा, आजारी मेंढराला पाजायचा. कळप राखायचा तो ताराबाईच्या गळ्यानं. दिवस मावळायला लागला की ती काठावर उभी राहायची आणि हाक द्यायची, "हुर्रर्र हाऽऽ! या गं बायांनो, याऽऽ!" मधल्या "गं" ला ती आवाज वर उडवायची, पतंगाला ढील द्यावी तसा. मग रानभर विखुरलेली मेंढरं माना वर करून घराकडं वळायची.

मेंढरंच काय, तिची लेक बबिता लहानपणी कुठंही खेळत असली तरी त्याच हाकेला ओ द्यायची. "आले गं आईऽऽ!" लगेच ओ आली नाही तर दुसऱ्या हाकेत शिव्या असायच्या, आणि त्या पार गावच्या मारुतीपर्यंत ऐकू जायच्या. बबिता लग्न होऊन टाकळीला गेली. टाकळी म्हणजे ह्याच कॅनॉलच्या शेवटच्या टोकाचं गाव, पाणी संपतं तिथलं. ती माहेरी आली की ताराबाई मुद्दाम तीच हाक मारायची, आणि बबिता लेकराची आई झाली तरी चुलीपुढून ओरडायची, "आले गं आईऽऽ!"

आता पाण्याचं सांगितलं पाहिजे. धरणातून कॅनॉलला पाणी सुटतं त्याला पाळी म्हणतात. कधी सुटणार ते कुठल्याशा हापिसात फळ्यावर लिहिलेलं असतं. वस्तीवर फळा नाही. वस्तीला पाळी कळते ती अशी, की सकाळी कॅनॉल कोरडा ठणठणीत असतो, पोरं त्यात गोट्या खेळतात, मेंढरं आरपार जातात, आणि दिवस मावळताना तिथंच छातीला लागेल एवढं पाणी सुसाट चाललेलं असतं. आणि मुकाट. ओढा बडबडतो, गोदावरी घोंगावते, पण सिमेंटमधून जाणारं हे पाणी तोंडातून शब्द काढत नाही.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ताराबाईनं कळप कोरड्या कॅनॉलातूनच घरी आणला. वाड्यात घालताना एक कोकरू कमी भरलं.

"ऱ्हायलं वाटतं बया पलीकडं," ती म्हणाली. "आले मी. चहा ठिवा तवर."

अंधारून आलं होतं. मघाशी आली त्याच वाटेनं ती परत गेली, खांबावरून नाही, खाली उतरून. तळ कोरडा आहे हे तिनं घडीभरापूर्वी स्वतःच्या पायांनी पाहिलं होतं. धुळाजीनं चुलीवर पाणी ठेवलं. त्याला हाक ऐकू आली, "हुर्रर्र हाऽऽ! ये गं..." आणि हाक थांबली. थांबली म्हणून त्याला बरं वाटलं. त्याला वाटलं, सापडलं कोकरू. त्यानं चहात साखर टाकली.

ताराबाई सापडली खालच्या दरवाजाला, पाणी अडवायच्या लोखंडी फळीपाशी. कोकरू दुसऱ्या दिवशी सकाळी खांबावरून, आपलं आपण, टक टक खुरं वाजवत घरी आलं.

त्यानंतर धुळाजीचा "तं" सुद्धा बंद झाला. काठावर बसून पाण्याकडं बघत राहायचा. बघणाऱ्याला भ्याव वाटायचं. म्हणून ताराबाईचा भाऊ रामेश्वर आला आणि "चला दाजी, तेवढंच मला माणूस होईल" म्हणत त्याला गेवराईला घेऊन गेला. रामेश्वरचं मोटार भरायचं दुकान. जळालेल्या पाण्याच्या मोटारी खोलायच्या, नवी तांब्याची तार गुंडाळायची. गुडघा दुखावला त्या वर्षी धुळाजीनं तिथं थोडं काम केलं होतं, त्यामुळं हाताला ओळख होती. रामेश्वर बोलायचा ड्रिल मशीनसारखा, एकदा लागला की भिंत फोडूनच थांबायचा. दाजीचं मन रमवायचं म्हणून तो दुपारी मोबाईलवर काहीबाही दाखवायचा. कुस्त्या, बैलांचा बाजार. एक दिवस बर्फ दाखवला.

"ह्ये बगा दाजी, ह्यो मुलूख पार वर, जगाच्या टोपीवर! बर्फच बर्फ! तार न्हाई, खांब न्हाई, डिझेल आणायचं तं ज्हाजातून, आन् ज्हाज बी उन्हाळ्यातच येतंय. मंग ह्यांनी काय केलं, नदीच्या धारंत चाक बुडवलं! वरून बर्फ, खालून पाणी पळतंय, चाक फिरतंय, घरात लाईट! कुठं कुठं तं समुद्राच्या भरती-ओहोटीवर फिरवत्यात. हाय का न्हाई खोपडी?"

धुळाजी बघत राहिला. मग कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडून ते निघालं.

"तं... तिथं मेंढरं हायत का?"

"मेंढरं न्हाईत. मोठ्या शिंगांची हरणं हायत. ती पाळत्यात, ती हाकत्यात, तीच खात्यात."

"तं आपल्यासारखीच मान्सं हायत की."

"तर! आन् वर चार-चार म्हैने सूर्व्या उगवत न्हाई. सलग रात!"

धुळाजीनं मोबाईल हातात घेतला. स्क्रीनवर बर्फातलं एक बुटकं घर, खिडकीत पिवळा उजेड.

"चार म्हैने रात," तो म्हणाला. "मंग त्यांच्या बाया पाण्याला कशा जात्यात?"

रामेश्वरचं ड्रिल बंद पडलं. हातातली तार तशीच ठेवून तो म्हणाला, "त्ये काय दाखवलं न्हाई, दाजी."

कॅनॉलात असंच चाक बुडवून खांबापाशी दिवा लावायचं तिथं ठरलं. रामेश्वर म्हणाला होता, सोलरचा दिवा लावू, बाजारात मिळतो, झंझट नाही. धुळाजीनं मान हलवली. "तं... तिला सूर्व्यानं न्हाई नेलं. मला दिवा रोज नको रामेश्वर. पाणी आलं की लागला पायजे. पाणी गेलं की इझला पायजे."

रामेश्वरला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तो उठून दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

दुकानात तेलाचा डबा कापून पाती केली, आणि सामान घेऊन धुळाजी वस्तीवर परतला. निळ्या पिंपांवर लोखंडी सांगाडा बांधला, म्हणजे तो पाण्यावर तरंगावा. भंगारातल्या जीपचा डायनमो आणला, सायकलच्या साखळीनं चाकाला जोडला, आणि त्याच जीपचा समोरचा दिवा खांबाजवळच्या बाभळीला टांगला. पिंपं दोरानं खांबालाच बांधली. वस्तीच्या पोरांनी त्या सांगाड्याला "धुळाजीमामाचं विमान" नाव ठेवलं. विमान कोरड्या तळावर तिरपं पडून पाळीची वाट बघत बसलं.

पाणी आलं ते नेहमीसारखंच, न सांगता, दिवस कलताना. सांगाडा हलला, उचलला गेला, चाक एकदा मागं गेलं, पुढं आलं, आणि मग "खडक्, खडक्, खड-खड-खड घुर्रर्रर्र!" मुकं पाणी पहिल्यांदा बोललं. बाभळीवरचा दिवा आधी लाल झाला, मग पिवळा, मग खांब, काठ, पाणी सगळं लख्ख. नेमकी त्याच वेळी छबुबाई कळशी घेऊन खांबाकडं येत होती. वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई, आवाज फुटक्या हंड्यासारखा.

"आगं बया बया!" ती जागीच मटकन बसली. "मला वाटलं टेम्पोच आला अंगावर!"

वस्ती हसून हसून लोळली. धुळाजी हसला नाही. तो उजेडात पाण्याकडं बघत होता. एवढंसं पाणी. दिसलं असतं तर ती उतरलीच नसती.

त्या दिवसापासून वस्तीला पाळी कळायला लागली. दिवा लागला की आया ओरडायच्या, "ए, दिवा हाय! वर या, खाली उतरू नका!" पाळी संपली की चाक थांबायचं, दिवा विझायचा, आणि विझलेला दिवाच सांगायचा की आता तळातून जायला हरकत नाही. जगात कुठं नसेल असा दिवा, भ्याव असलं की जळणारा. पाणी सुटलं की छबुबाई खांबावर पाय ठेवताना वर बघून म्हणायची, "आली गं तारी कामावर?" धुळाजी तेव्हा तोंड दुसरीकडं फिरवायचा. पण ते ऐकायला तो रोज तिथं असायचा.

टाकळीला पाणी पोचत नव्हतं. आधीच्या कित्येक वर्षांतही पोचत नव्हतं, पण आधी दाखवायला चाक नव्हतं. कुणीतरी जाऊन बघून आलं, फोटो काढून आलं, आणि गावभर झालं की वर एका मेंढरंवाल्यानं कॅनॉलात चाक घातलंय, ते पाण्याचा जोर काढून घेतंय, मग पाण्याला शेवटापर्यंत यायचं बळच उरत नाही. आणि तो मेंढरंवाला कोण? बबिताचा बाप.

जावयाचा, भागवतरावांचा फोन आला. "मामा, एकदा या. तुमीच सांगा लोकांना. माझं कुणी ऐकंना."

धुळाजी गेला. टाकळीच्या पारावर माणसं जमली होती. मधोमध विठ्ठलराव, गावचे पुढारी. त्यांच्या हातात माईक नसला तरी ते माईक असल्यासारखेच बोलायचे, आणि दर वाक्यानंतर थांबून प्रतिध्वनीची वाट बघायचे.

"पाहुणे आलेत. पाहुण्यांचा मान ठेवायचा. बरोबर का नाही?"

"बरोबर!"

"मग पाहुण्यांनी पण आमच्या पिकाचा मान ठेवायचा. बरोबर का नाही?"

"बरोबर!"

धुळाजी वहाणा हातात घेऊन उभा होता. त्यानं वाटेत सगळं जुळवून आणलं होतं. "तं... चाक पाणी पीत न्हाई. पाणी चाकाला ढकलतंय आन् फुडं जातंय. जेवढं आलं तेवढंच जातंय."

"ढकलायला जोर लागतो का नाही?" विठ्ठलराव म्हणाले.

"लागतो."

"तो जोर कुणाचा?"

धुळाजीनं हनुवटी खाजवली. चहा पिऊन यावा एवढा वेळ गेला. तो खरंच विचार करत होता, कारण प्रश्न खोटा नव्हता. थोडा जोर जात असणारच. दिवा काय फुकट लागत नाही.

"तं... पाण्याचा."

"आणि पाणी कुणाचं?"

"आमचं!" पार ओरडला, आणि हसला. तिथं संपलं ते.

कॅनॉलच्या वरच्या अंगाला काठाकाठानं पाईप होते, मोठाल्या मोटारी पाणी ओढत होत्या. त्या कुणाकुणाच्या आहेत हे पारावर सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तर कुणी नाव काढलं नाही. मोटारीचे मालक तिथं नव्हते. चाकाचा मालक होता, वहाणा हातात घेतलेला.

लेकीच्या घरी विहीणबाई वत्सलाबाई दारातच बसल्या होत्या. सुपारी कातरल्यासारखं बोलणं, बारीक आणि कडक.

"बसा इवाई. पाणी देते म्हणलं असतं, पण पाणी तुमच्याकडंच हाय ना."

बबिता पदर ओढून बाहेर आली. हातात तांब्या, पण पेल्यात ओतलं ते अर्धंच. टँकरचं पाणी होतं. धुळाजीनं त्या अर्ध्या पेल्याकडं बघितलं आणि मग लेकीकडं. गेल्या खेपेपेक्षा वाळली होती. सासू आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, "आबा, काढा त्ये चाक."

"तं... चाकानं पाणी आडत न्हाई, बबे."

"मला ठावं हाय. हिथं कुणाला ठावं करू? टँकरला रांगेत उबी ऱ्हायले की बाया म्हणत्यात, हिला शेवटी पाणी द्या, हिच्या बापानं घेतलंय आधीच. लेकराला बी म्हणत्यात."

"त्यो दिवा तुझ्या आईचा..."

"आई गेली, आबा." तिनं डोळ्याला पदर लावला नाही, सरळ बघितलं. अगदी ताराबाईसारखं. "आई गेली. मी हाय अजून. मला हिथंच ऱ्हायचंय."

धुळाजीनं अर्धा पेला पाणी प्यायलं, पेला पालथा न घालता नीट जमिनीवर ठेवला, आणि उठला.

पाळी चालूच होती. तो वस्तीवर पोचला तेव्हा दिवा लागलेला होता आणि त्याच्या उजेडात खांबावरून बाया कळश्या घेऊन ये-जा करत होत्या. त्यानं त्यांना जाऊ दिलं. सगळ्या पार झाल्यावर तो बाभळीखाली गेला. साखळी आधी काढावी लागते, तसं रामेश्वरनं शिकवलं होतं. ती त्यानं काढली. चाक मोकळं झालं, दुप्पट वेगानं फिरायला लागलं. दिवा पांढऱ्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा तांबडा, मग काचेत नुसती एक लाल तार उरली, केसाएवढी, आणि ती पण गेली. धुळाजीनं दोर ओढून विमान काठावर घेतलं. पाणी परत मुकं झालं.

"कावून काढलंस रे बाबा?" छबुबाईनं विचारलं. "बिघडलं का काय?"

"तं... व्हय."

"मंग कर की दुरुस्त."

दिवा त्यानं घरात नेला, ताराबाईच्या लुगड्याच्या पिशवीत गुंडाळला आणि खुंटीला अडकवला. सांगाडा वाड्यात पडला. त्याच्या सावलीला कोकरं बसायला लागली.

त्या उन्हाळ्यात पाणी टाकळीला गेलं नाही. पुढच्या पाळीलाही गेलं नाही.

दिवाळीला बबिता माहेरी आली. भाऊ नव्हता, आई नव्हती, पण भागवतरावांनीच "जाऊन ये" म्हणून धाडली. आल्या आल्या तिनं घर सारवलं, आईची भांडी घासली, आणि बापाला ताटावर बसवून म्हणाली, "पाणी न्हाई आलं, आबा. चाक न्हाई तरी न्हाई आलं."

"तं... मला ठावं हुतं."

"मंग परत बसवा. बसवा ना. मी चूक केली."

धुळाजीनं भाकरीचा तुकडा मोडला. "आता कुणाचं नाव घेत्यात तिकडं?"

"कुणाचंच न्हाई. गप बसत्यात."

"तुला बोलत्यात?"

बबितानं नकारार्थी मान हलवली. "रांगेत नंबर लागला तवा पाणी मिळतंय."

"मंग झालं." त्यानं तुकडा तोंडात घातला. "बसवलं की परत माझंच चाक निघतंय. गप बसू दे त्यांना. तू ऱ्हा सुखानं."

तिनं ताट तसंच पुढं सरकवलं. बाहेर दिवस मावळत आला होता. धुळाजीनं हात धुतला, काठी घेतली.

"कुठं निघालाव?"

"पाळी सुटलीय," तो म्हणाला. "बाया यायच्यात गावाकडून. जाऊन येतो."

बबिता भांडी आवरायला लागली. तिला माहीत नव्हतं. वस्तीला माहीत होतं. चाक काढल्यापासून पाणी असेल त्या प्रत्येक संध्याकाळी धुळाजी खांबाच्या टोकाशी जाऊन उभा राहायचा, शेवटचं माणूस पार होईपर्यंत. पहिल्यांदा तो नुसता उभा राहिला, पण अंधारात उभा माणूस दिसत नाही. मग त्यानं "ए, पाणी हाय!" म्हणून बघितलं, पण त्याचा आवाज काठापलीकडं जाईना. उभ्या जन्मात त्याला मोठ्यानं बोलायची गरजच पडली नव्हती. ते काम दुसऱ्या माणसाचं होतं. शेवटी त्यानं वस्तीला, मेंढरांना, पोराठोरांना सवयीची असलेली एकच हाक काढली. चुकीच्या गळ्यातून निघायची ती. "गं" ला वर जायचा तिथं आवाज चिरायचा, पतंग झाडात अडकल्यासारखा. पहिल्या दिवशी पोरं हसली. छबुबाईनं त्यांना काठी दाखवली. मग कुणी हसलं नाही.

आज पाणी भरून चाललं होतं, मुकाट. पलीकडं किराणा घेऊन छबुबाई येताना त्याला अंधुक दिसली, वाट सोडून खाली उताराकडं वळलेली, सवयीनं. धुळाजीनं छाती भरून श्वास घेतला.

"हुर्रर्र हाऽऽ! या गं बायांनो, याऽऽ!"

छबुबाई थांबली. वर वळली, खांबाकडं.

आणि मागून, घरातून, भांड्यांच्या आवाजातून, जराही न थांबता ओ आली.

"आले गं आईऽऽ!"

मग भांड्यांचा आवाज बंद झाला.

धुळाजीनं मागं वळून बघितलं नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून तो उभा राहिला. घरातून काहीच ऐकू येत नव्हतं, पाण्यातूनही नाही. छबुबाईचा एक पाय खांबावर पडला होता, दुसरा अजून काठावरच चाचपत होता. त्यानं पुन्हा तोंड उघडलं. आता हाक मारली तर घरात ती परत ऐकू जाणार होती. त्यानं एक क्षण ओठ मिटले.

मग मारली.